सातव्या प्रश्नाचं शून्य

नागरत्नाक्कांचा जगात कुणावरही विश्वास नाही. बसच्या कपाळावर हातभर अक्षरांत गावाचं नाव लिहिलेलं असतं, तरी ही बाई ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन विचारणार, "एच. डी. कोटेलाच जाते ना?" ड्रायव्हर तोच, बस तीच, वेळ तीच. तिथल्या कॉलेजात गणित शिकवायला अक्का वर्षानुवर्षं म्हैसूरहून जातात, त्यामुळे तो बिचारा आता त्या दिसल्या की लांबूनच मान डोलावतो. त्यांचे यजमान गंगाधरराव म्हणतात, "लग्न ठरलं तेव्हा माझी जन्मतारीख हिनं शाळेच्या दाखल्यावरून तपासून घेतली होती." आम्ही हसतो. अक्का हसत नाहीत. "तारीख चुकलेलीच होती की!" म्हणतात.

मी मूळची मिरजेची. नवऱ्याच्या नोकरीपायी म्हैसूरला आले आणि इथल्या एका शाळेत गणित शिकवायला लागले. अक्का मात्र सहा पिढ्यांच्या म्हैसूरकर. घरात मराठीच, पण त्यात कानडी अशी मिसळलेली की कुठली भाषा कुठे संपली ते त्यांनाही सांगता येणार नाही. पहिल्या भेटीत त्यांनी मला विचारलं होतं, "तुमच्याकडे मुलांना इंटिग्रेशन शिकवताना ग्राफ काढतात, की सुम्ने फॉर्म्युला घोकवतात?" सुम्ने म्हणजे उगीचच. मी म्हटलं, वेळ असला तर काढतो. "वेळ नसतोच ग. काढायचा असतो." झालं, तेव्हापासून मी त्यांच्या ताब्यात आहे. चामराजपुरममध्ये त्यांच्या मागच्याच गल्लीत आम्ही घर घेतलं, यातही त्यांचा हात होता.

आता मंडळाबद्दल सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. भीमसेनराव म्हणून इथले एक जुने प्राध्यापक आहेत. वय ऐंशी. त्यांनी गणित मंडळ काढलं आणि दर वर्षी जानेवारीत ते बारावीच्या मुलांची एक परीक्षा घेतात. फक्त बीजगणित आणि कॅल्क्युलस. चार पर्यायांपैकी एकावर टिकली लावण्याचा धंदा तिथे चालत नाही. दहा प्रश्न, सगळे पायरी पायरीनं सोडवून दाखवायचे. पहिल्या वीस मुलांना उन्हाळ्यात महिनाभर मंडळाच्या वर्गात घेतात आणि मोठमोठे प्राध्यापक येऊन त्यांना शिकवतात. म्हैसूरच्या आसपासच्या गावांतल्या पोरांना एरवी अशी माणसं कुठे भेटणार? त्या वीस जागांसाठी मुलं वर्षभर जीव टाकतात.

पेपर भीमसेनसर एकटेच काढतात. उत्तरसूचीही तेच लिहितात. पेपर तपासायचे ते आम्ही शिक्षकांनी, सुट्टीच्या दिवशी, एका शाळेच्या हॉलमध्ये बसून. पद्धत अशी की एका प्रश्नाला दोघं. तोच प्रश्न सगळ्या पेपरांत तपासायचा, एकानं मार्क द्यायचे आणि दुसऱ्यानं ते बघायचे. यामुळे न्याय सारखा होतो, पण डोकं पार पिकतं. एकच गणित शेकडो वेळा वाचून बघा, मग कळेल. या वर्षी सातवा प्रश्न अक्कांकडे आला आणि त्यांची जोडीदार मी.

शनिवारी सकाळी सगळे बसले. लाल पेनं उघडली. मी गठ्ठ्याची दोरी सोडते, तोवर अक्कांनी कोरा कागद पुढे ओढला आणि गणित सोडवायला घेतलं. त्यांची ही खोडच आहे. आधी स्वतः उत्तर काढायचं, मग सूची उघडायची. मी म्हटलं, "अहो अक्का, सूची सरांनी लिहिलीय! काल संध्याकाळी वेबसाइटवरसुद्धा लागली. पोरांनी आपापले मार्क मोजूनही टाकले असतील." अक्कांनी वर बघितलंच नाही. त्यांनी उत्तराखाली रेघ मारली, सूची उघडली, बघितली, आणि पेनाला टोपण लावून पेन खाली ठेवलं.

"नमिता, हे गणित तू सोडव."

"काय झालं?"

"सोडव म्हणते ना."

मला राग आला. बाहेर बिसिबेळे भाताचा वास सुटला होता, शेजारच्या टेबलावरच्यांचे पाच-सात पेपर झालेसुद्धा, आणि आमच्या बाईंचं काय तर सोडव! पण अक्कांपुढे बोलून उपयोग नाही, पालथ्या घड्यावर पाणी. मी सोडवलं. गणित असं होतं: एकातून साइन टू एक्स वजा करा, त्याचं वर्गमूळ घ्या, आणि शून्यापासून पाय बाय टू पर्यंत, म्हणजे नव्वद अंशांपर्यंत, इंटिग्रेशन करा. आतली रक्कम म्हणजे कॉस वजा साइनचा वर्ग. वर्गमूळ घेतलं की वर्ग गेला, कॉस वजा साइन उरलं. पुढे सोपंच आहे. माझं उत्तर आलं शून्य. सूचीतही शून्य. मी विजयी मुद्रेनं कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"बरोबर आहे की!"

"आता ग्राफ काढ."

ग्राफ काढायला घेतला आणि माझं तोंड उतरलं. ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनाही हे कळेल. इंटिग्रेशन म्हणजे त्या रेषेखालची जागा. वर्गमूळ कधी शून्याखाली जात नाही, म्हणजे ही रेषा सगळी जमिनीच्या वरच. मधे एकदा, पंचेचाळीस अंशांवर, जमिनीला टेकते आणि पुन्हा वर जाते. दोन्ही बाजूंना रेषेखाली चांगली ढळढळीत जागा दिसतेय. मग ती शून्य कशी होईल? ताटात भात वाढलेला डोळ्यांना दिसतोय आणि तराजूत घातला तर वजनच नाही, असं कुठे असतं का? पंचेचाळीस अंशांच्या पुढे साइन मोठा होतो, तिथे कॉस वजा साइन उणे जातं, म्हणून तिथून पुढे ते उलटं करून घ्यायला लागतं. दोन तुकडे करायचे आणि बेरीज घ्यायची. खरं उत्तर येतं दोन रूट दोन वजा दोन. शून्य मुळीच नाही.

"आय्यो," मी म्हणाले. मलाही बारा वर्षांत एवढी कानडी आलीय.

"सरांनी मागे हाच प्रश्न दिला होता," अक्का म्हणाल्या. "तेव्हा पाय बाय फोर पर्यंतच होता, पंचेचाळीस अंशांपर्यंत. तिथे सरळ सोडवलं तरी चालतं. जुना पेपर पाठ करून पोरं येतात म्हणून सर दर वर्षी एखादी लिमिट बदलतात. या वेळी बदलली आणि उत्तर मनातल्या मनात काढलं असणार."

मी गठ्ठा चाळायला घेतला. शून्य, शून्य, शून्य. खाली डबल रेघ मारलेलं शून्य, चौकटीत घातलेलं शून्य, 'उत्तर' असं लिहून पुढे ठळक शून्य. सुरुवात न जमलेले बरेच होते, पण शेवटापर्यंत पोचलेले जवळजवळ सगळे शून्यावरच. मी म्हटलं, "अक्का, सगळ्यांनी सरांसारखंच काढलंय. आता एवढ्या जणांचे मार्क कापणार तुम्ही? सूची जाहीर झालीय. हे हात दाखवून अवलक्षण आहे."

त्या काही बोलणार तेवढ्यात माझ्या हाताखाली तो पेपर आला.

अक्षर बारीक, तिरकं. त्या मुलानं, मुलगा की मुलगी ते तेव्हा कळायला मार्ग नव्हता, कारण पेपरावर नंबरच असतो, आधी सगळ्यांसारखंच सोडवलं होतं. शून्य काढून त्याला चौकटही केली होती. आणि मग त्या सगळ्यावर एक आडवी रेघ मारली होती. खाली अंगठ्याएवढा ग्राफ. त्याच्याखाली दोन तुकडे, नीट, एकेक पायरी, आणि शेवटी दोन रूट दोन वजा दोन.

सूचीप्रमाणे पाहिलं तर या पोरानं बरोबर उत्तर खोडून चूक लिहिलं होतं. आठांपैकी पाच मार्क जाणार. या परीक्षेत पाच मार्क म्हणजे विसातून सरळ बाहेर.

"याचे मार्क गेले तर मी पुन्हा पेन हातात घेणार नाही," अक्का म्हणाल्या. त्यांनी तो पेपर उचलून छातीशी धरला होता. मी त्यांना रागावलेलं खूपदा पाहिलंय, असं कधी पाहिलं नव्हतं.

मंडळाचा सेक्रेटरी म्हणजे सरांचा मुलगा रघूत्तम. माणूस चांगला, पण भांडण म्हटलं की दाराकडे सरकतो. अक्कांनी त्याला कोपऱ्यात नेऊन कागद दाखवला. तोही इंजिनीअर आहे, दोन मिनिटांत समजला, आणि पहिलं वाक्य काय बोलला? "अप्पांना कळता कामा नये."

"का?"

"अक्का, पुढच्या रविवारी रिझल्ट आहे. त्याच दिवशी त्यांचा ऐंशीचा सत्कार ठेवलाय. पेपर काढायला लागल्यापासून एकही चूक नाही, हे ते येईल त्याला सांगतात. त्यांचं बीपी बघा, वय बघा. आपण असं करू, सातवा प्रश्न रद्द. सगळ्यांना आठपैकी आठ. कुणाचं नुकसान नाही, कुणी ओरडणार नाही. सरी? चालेल ना?"

खरं सांगते, मला ते पटलं. सुंठीवाचून खोकला जात असेल तर कुणाला नको? आजूबाजूला जमलेल्या दोघा-तिघांनीही माना हलवल्या. एकजण तर म्हणाला, "अक्का, तो पेपर तुमच्या कोटेच्या कॉलेजातला तर नाही ना?"

अक्कांनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो भाताची व्यवस्था बघायला निघून गेला. मग त्या रघूत्तमला म्हणाल्या, आणि हॉलमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ज्यानं चुकलेलं शून्य तसंच ठेवलं त्याला आठ. ज्यानं गणिताला हातच लावला नाही त्याला आठ. आणि ज्यानं आपलंच उत्तर खोडून, वेळ घालवून, खरं काढलं त्यालाही आठच? मग वर्षभर वर्गात काय म्हणून ओरडतो आपण, तपासून बघा, तपासून बघा? बेडा रघू. नको. हे मला चालायचं नाही."

"पण अप्पा..."

"अप्पांना मी सांगते."

"अक्का, पाया पडतो!"

"त्यांचाच प्रश्न त्यांना न विचारता फेकून द्यायचा? तू त्यांचा मुलगा आहेस, तुला ते म्हातारे दिसतात. मला अजून सर दिसतात."

सर शेजारच्या खोलीत बसले होते. तपासणीच्या दिवशी ते हॉलमध्ये येत नाहीत, कुणावर दडपण नको म्हणून. अक्का पेपर घेऊन दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. मी मागेच होते. हळूच म्हणाल्या, "नमिता, मी सतरा वर्षांची होते. वडील म्हणाले, बारावी झाली, पुरे आता. हे सर आमच्या घरी आले. वडिलांसमोर जमिनीवर बसले ग, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. म्हणाले, ही मुलगी शिकली नाही तर माझं शिकवणं वाया गेलं. वडिलांना नाही म्हणता आलं नाही. आणि आज मी यांना सांगायला चाललेय, तुमचं चुकलं."

"मग नका सांगू," मी म्हणाले.

त्यांनी डोळे पुसले, पदर नीट केला आणि आत गेल्या.

भीमसेनसर कॉफी पीत होते. अक्कांनी पेपर त्यांच्या पुढ्यात ठेवला. "सर, याला किती मार्क द्यायचे ते मला ठरवता येईना. तुम्ही द्या."

सरांनी चष्मा लावला. वरचा भाग वाचला आणि कपाळाला आठी पडली. "उत्तर बरोबर आलं होतं की! खोडलं कशाला या शहाण्यानं?" मग ते खाली आले. ग्राफवर बोट ठेवलं. बोट तिथेच राहिलं. दारात रघूत्तम येऊन उभा राहिला होता.

"नागू, तू मला माझं गणित शिकवायला आलीस?" सरांचा आवाज चढला.

"नाही सर. मार्क विचारायला आले."

अक्का तिथेच उभ्या राहिल्या. मग सरांनी खिशातून पेन काढलं, शेजारी पडलेला वर्तमानपत्राचा कागद ओढला, त्याच्या कडेच्या कोऱ्या पट्टीवर प्रश्न लिहिला आणि पहिल्यापासून सोडवायला बसले. सावकाश लिहितात ते, त्यामुळे वेळ लागला. कॉफीवर साय आली. शेवटच्या ओळीला त्यांनी दोन रूट दोन वजा दोन लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"लिमिट बदलली मी," ते म्हणाले. "पाय बाय फोरचं पाय बाय टू केलं. आणि ग्राफ नाही काढला. जन्मभर पोरांच्या पाठीत धपाटे घातले ग्राफसाठी, आणि स्वतः नाही काढला."

"अप्पा, काही हरकत नाही, परवागिल्ला, आपण तो प्रश्न रद्द..." रघूत्तम पुढे आला.

आणि मग सर जे भडकले! मी म्हैसूरच्या माणसाला एवढं मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "रद्द? कशाला रद्द? प्रश्न उत्तम आहे! माझं उत्तर वाईट आहे! सूची काल लावलीस ना रे? किती मास्तरांनी बघितली? किती क्लासवाल्यांनी? एकाचाही फोन नाही? सगळे माना डोलावून बसले? भीमसेनराव म्हणतात म्हणजे शून्य? मी म्हटलं म्हणून जागा नाहीशी होते?"

"अप्पा, तुमचं बीपी..."

"बीपीचं काय घेऊन बसलास! मला आज किती वर्षांनी कुणीतरी चूक दाखवलीय! माझ्या पोरीनं दाखवलीय!"

पोरीनं! अक्कांचं वय बावन्न. त्या तिथेच खुर्चीत बसल्या आणि लहान मुलीसारख्या रडायला लागल्या. मीही रडले. मला कारण लागत नाही.

सर रघूत्तमचा हात धरून हॉलमध्ये आले, फळ्यासमोर उभे राहिले आणि सांगितलं, सातव्याची सूची चूक आहे, चूक माझी आहे, ती आत्ताच्या आत्ता वेबसाइटवरून काढायची आणि नवी लावायची. खाली माझं नाव घालून लावायची, 'मंडळ दिलगीर आहे' वगैरे गुळमुळीत काही नको. एका मास्तरांनी विचारलं, शून्यवाल्यांना किती? सर म्हणाले, "वर्ग ओळखला, वर्गमूळ घेतलं, त्याचे तीन. मलाही तीनच मिळाले असते. पुढचे पाच तुकडे करणाऱ्याला."

त्यानंतरची दुपार मी विसरणार नाही. अक्का मार्क देत होत्या, मी बघत होते, आणि बाकीच्या टेबलांवरची माणसं आपलं काम टाकून दर थोड्या वेळानं विचारत होती, "अजून एक सापडला का?" सकाळी ज्यांना जेवणाची घाई होती त्यांनाच आता चैन पडेना. खूप वेळ काही नाही. मग एका पेपरात मला तुकडे दिसले आणि मी ओरडलेच, "आहे! आहे!" सगळ्या हॉलनं बाकं वाजवली. मास्तर मंडळी, टकलं पडलेली, चष्मे लावलेली, आणि बाकं वाजवतायत! सर काठी टेकत आले, तो पेपर वाचला, "शाबास" म्हणाले आणि परत जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत आणखी एक निघाला. सकाळचा धरून तीन. त्या दोघांनी सरळ बरोबर सोडवलं होतं. शून्य काढून, त्याला चौकट करून, मग खोडणारं पोर मात्र एकच.

पुढचा आठवडा बरा गेला नाही. क्लासवाल्यांचे फोन, पालकांचे मेसेज, आमच्या मुलाला काल आठ होते ते आज तीन कसे, कोर्टात जाऊ, अमुक करू. रघूत्तमनं आपला फोन सरळ अक्कांकडे दिला. अक्का प्रत्येकाला एकच सांगायच्या, "नोडी, बघा, मुलाला ग्राफ काढायला सांगा. ग्राफ काढल्यावरही शून्य येत असेल तर मला परत फोन करा." एकाचाही परत आला नाही.

रविवारी रिझल्टला हॉल भरून मागे माणसं उभी होती. सत्काराची शाल सरांनी खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि आधी म्हणाले, पहिलं सांगायचं ते माझ्या चुकीबद्दल. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ज्या दोघांनी सरळ सोडवलं होतं त्यांना उभं केलं, टाळ्या झाल्या. मग त्या खोडलेल्या पेपराचा नंबर पुकारला.

मधल्या रांगेतून एक मुलगी उठली. बैलकुप्पेच्या तिबेटी वसाहतीतली, यांगझोम नाव. आजोबांबरोबर आली होती. ते हातातली माळ ओढायचे थांबले आणि नातीकडे बघायला लागले. पोरगी घाबरली होती, पण कानडी अशी चुरचुरीत बोलत होती की मला माझी लाज वाटली. तिचा विसात नववा नंबर होता. जुन्या सूचीनं तो लागलाच नसता.

सरांनी तिला फळ्यापाशी बोलावलं, खडू हातात दिला आणि विचारलं, "शून्य आलं होतं, चौकटसुद्धा केली होतीस. मग खोडलंस का?"

ती म्हणाली, "वेळ उरला होता म्हणून चित्र काढलं, सर. चित्रात जागा दिसत होती. मला वाटलं, चित्र कशाला खोटं बोलेल? माझंच चुकलं असणार."

"मलाही शून्यच आलं होतं, बाळ," सर म्हणाले. "मला नाही वाटलं, माझं चुकलं असणार म्हणून. तिथेच तू माझ्या पुढे गेलीस. आता सोडव, सगळ्यांना दाखव."

तिनं सोडवलं. पायरी पायरीनं, मधे एकदा अडली, स्वतःच पुसलं, पुन्हा लिहिलं. ज्या क्लासवाल्यानं कोर्टाची भाषा केली होती तो तिसऱ्या रांगेत बसून वहीत उतरवून घेत होता. शेवटचं उत्तर फळ्यावर उमटलं आणि हॉल उठून उभा राहिला. आजोबाही उभे राहिले. त्यांना त्यातलं काय कळलं देव जाणे, पण ते दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होते.

अक्का माझ्या शेजारी उभ्या होत्या. टाळ्या वाजवून त्यांचे तळवे लालभडक झाले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"जिंकली ग पोर," त्या म्हणाल्या. "बघ कशी जिंकली!"

"आणि तुम्ही, अक्का? आज तुम्हीही जिंकलात की."

"छे, आज नाही," त्या म्हणाल्या. "मी त्या शनिवारीच जिंकले. सर माझ्यावर चिडले होते ना, आणि तरी खाली मान घालून ते गणित पहिल्यापासून सोडवायला बसले. तेव्हाच."